दहाच्या आधी न उठणारं मशीन

यंदा थंडी उशिरा आली. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, वालाला फूल आलं, तरी रात्री अंगावर गोधडी नको वाटत होती. मग परवा पहाटे परसात गेले तर पायाखालचं गवत ओलं लागलं आणि खाडीकडून धुकं वर चढत होतं. आमच्या किनाऱ्याची थंडी एवढीच. घाटावरच्या माणसाला ही थंडी म्हणून दाखवली तर तो हसेल. ऊन अंगणात आलं की संपली. पण त्याआधीचा जो थोडा वेळ असतो, जमीन गार, भांडी गार, पितळेच्या कडीला हात लावला तर बोटं आखडतात, त्या वेळात मी पडवीत जायचं टाळते. झाडू मारायचा असला तरी ऊन येऊ देते.

पडवीत मशीन आहे. लाकूड कोरायचं. कॉम्प्युटरवर आकार काढायचा, वायर जोडायची, आणि मशीन आपलं आपण फळीवर फिरून तो आकार कापून काढतं. त्याला सीएनसी म्हणतात. दिनेश गिटार बनवण्यासाठी ते जमवत होता. दिनेश माझा मुलगा, एकच. ते मशीन चालू झालेलं त्याने बघितलं नाही.

दिनेशला सकाळ ठाऊक नव्हती. लहानपणी त्याला शाळेसाठी उठवायला मी गोधडी ओढायचे, पाणी शिंपडायचे, एकदा बोकड आणून त्याच्या अंगावर सोडला होता. तो बोकडाला मिठी मारून झोपला. मोठा झाल्यावर रोह्याकडच्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागला तर तिथेही जन्मभर दुसरी पाळीच मागून घेतली. सगळे पहिल्या पाळीसाठी भांडायचे, त्यामुळे याला कधी कोणी नाही म्हटलं नाही. लग्न झालं तेव्हा मी सुनेला म्हटलं, बाई, आता हे तुझ्याकडे. मनीषाने वर्षभर प्रयत्न केले आणि मग दहाला चहा ठेवायला लागली. दहा वाजले की तो उठायचा, चहा पिताना कोणाशी बोलायचा नाही, आणि मग माणसात यायचा.

गिटार तो अलिबागला कॉलेजात असताना शिकला. चांगली वाजवायचा असं लोक म्हणायचे, मला त्यातलं कळत नाही. समुद्रावर जी रिसॉर्टं झालीत तिथे वाजवणारी पोरं तुटक्या गिटारी घेऊन त्याच्याकडे यायची आणि हा त्या पडवीत बसून जोडून द्यायचा. मग डोक्यात आलं की नवीच बनवावी. शिवणीच्या झाडाच्या फळ्या आणून त्याने ओटीच्या माळ्यावर वाळत टाकल्या. एक फळी हाताने कोरायला घेतली, ती फुकट घालवली आणि अंगठाही कापून घेतला. म्हणून मशीन. आख्खं आणण्यापेक्षा एकेक भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवायचे आणि घरी जोडायचे, असं ठरवून त्याने मोबाइलवर सगळं मागवलं. आणि गेल्या वर्षी भाद्रपदात, कंपनीच्या गेटशी बसमधून उतरताना खाली बसला तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. मग पार्सलं यायला लागली.

पहिलं आलं तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. पार्सलवाल्याने गाडी थांबवून दिनेशचं पूर्ण नाव वाचलं आणि विचारलं, आहेत का. मी म्हटलं, न्हाय. त्याला वाटलं बाहेर गेलाय. मग तुम्ही सही करा म्हणाला. मी केली. लांब खोका होता, उचलेना इतका जड. आत पोलादी दांडे. मनीषाने तो दिनेशच्या खाटेवर नेऊन ठेवला. जमिनीवर ठेव असं म्हणणार होते, म्हटलं नाही.

मग दुसरं आलं, तिसरं आलं. काही मुंबईहून, काही चीनमधून. बोटीत चढवलेल्या वस्तूला माणूस मेल्याचं कळत नाही, ती आपली येत राहते. दर वेळी तो पोरगा रस्त्यावरून दिनेशचं नाव पुकारायचा, मोठ्याने, आडनावासकट. आमच्याकडे मेल्या माणसाला असं दारातून हाका मारत नाहीत. मी त्याला सांगू शकले असते. पण सांगितलं तर तो नाव घ्यायचा बंद होईल हेही मला दिसत होतं, म्हणून मी नुसतीच सही करत राहिले. आताही त्याची गाडी रिसॉर्टांकडे जाते रोज. आमच्या दाराशी वेग कमी करत नाही. का करील?

दिनेशच्या खाटेवर जागा राहिली नाही तेव्हा मनीषा म्हणाली, "आई, जोडून बघू या." मी चौथी शिकलेली, ती औषधांचं शिकलेली, लग्नाआधी औषधाच्या दुकानात होती. मशीन जोडायला दोघींचं शिक्षण सारखंच. पण भाताची कापणी झालेली, वाल आपोआप दवावर वाढतो, हाताला काम नव्हतं. मी म्हटलं जोडू या.

शेजारच्या शेवंताने तेवढ्यात दार गाठलं. ती माझ्याच वयाची, तोंडही माझ्यासारखंच. वर्ष फिरलं न्हाय आनि घरात नवी वस्तू आनता, म्हणाली. आमच्यात माणूस गेल्यावर वर्षभर घरात नवं काही घेत नाहीत, सण करत नाहीत, हे खरं आहे. मी म्हटलं, नवी कशी, त्यानं जिता असताना घेतलेली, उशिरा पोचली एवढंच. तिने पडवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "जोडशील गं. मंग काय, तू गिटार वाजवनार?"

"वाजवीन. तू नाच."

ती चिडून गेली. पण त्या पौषात शेतावर पोपटी लावली तेव्हा तिनेच पानात बांधून वालाच्या शेंगा पाठवल्या, कारण आम्ही दुखवट्यातल्या बाया पोपटीला जाणार नव्हतो. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यावर भाजलेल्या, धुराचा वास असलेल्या. त्या मी मशीनपाशी बसून सोलल्या. आता पोपटीचा वास आला की मला शेत आठवत नाही. लोखंड आठवतं.

मोबाइलवर एक दाढीवाला गोरा माणूस ते मशीन कसं जोडायचं ते दाखवायचा. मनीषा त्याला थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा लावायची. मी पाना धरायचे. दोन दांडे एकमेकांना समांतर पाहिजेत नाहीतर वरचा भाग अडकतो, हे आम्हाला सगळं जोडून पुन्हा उसकटल्यावर समजलं. चौकट काटकोनात आहे का हे बघायला सुतळी कोपऱ्यातून कोपऱ्यात ताणली. काही स्क्रू उरले. त्या गोऱ्याचे उरले नव्हते. दांडे आणि मधला आटे पाडलेला रॉड कोरडा ठेवायचा नाही असं तो म्हणाला, तर मनीषाने स्वयंपाकघरातून खोबरेलाची बाटली आणली आणि चिंधीने चोळून चोळून लावलं. दाराची बिजागरी, अडकित्ता, विळी, आमच्या घरात काहीही कुरकुरलं की खोबरेल. मी शेजारी बसले होते. मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

वायरिंग रफीकने केलं. दिनेशचा दोस्त, खाडीपलीकडचा, आगरदांड्याचा. जेट्टीवर लाइटीची कामं करतो. शुक्रवारी नमाज झाली की फेरीबोटीने दिघीला उतरायचा आणि आमच्याकडे यायचा. तो जास्त बोलायचा नाही, दिनेशच्या खुर्चीत बसायचा नाही. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा मशीनचा वरचा भाग वीतभर सरकला आणि मनीषाने माझा दंड घट्ट धरला.

"मावशी, घाबरू नका, मीच हलवलं," रफीक म्हणाला.

"घाबरतंय कोन," मी म्हटलं. दंडावर तिच्या नखांचे वण संध्याकाळपर्यंत होते.

त्या दुपारी मशीनने प्लायच्या तुकड्यावर एक गोल काढला. एकदम गोल, घंगाळाच्या काठासारखा. आम्ही तिघं तो बघत बसलो. रफीकने तो तुकडा परत जाताना मागून घेतला.

मग थंडी पडली. आणि त्याच सुमारास दुपारची वीज जायला लागली, लाइनीचं काम काढलं होतं म्हणून. मनीषा म्हणाली, सकाळी लवकर चालवू. उजाडल्याबरोबर तिने सुरू केलं. मशीन कण्हलं. दुसरा शब्द नाही त्याला. अंगात कसर असलेल्या माणसाला हलवून उठवावं तसं ते थोडं पुढे गेलं, थरथरलं, अडलं, आणि रेघ भलतीकडेच ओढून थांबलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रफीकने येऊन सगळ्या वायरी बघितल्या, वीज मोजली, डबा उघडून बंद केला. त्याला काही सापडलं नाही. आणि त्याच दिवशी, ऊन पडवीत आल्यावर, त्याने जायच्या आधी म्हणून एकदा बटण दाबलं तर मशीनने रेघ सरळ काढली.

रफीक गेल्यावर मनीषा विळीवर बसली होती. भाजी चिरता चिरता म्हणाली, "आई, ते दहाच्या आधी नाही उठत."

चालत नाही, असं म्हणाली नाही. उठत नाही म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. दिनेशचं नाव तिने घेतलं नाही, मी घेतलं नाही. मी म्हटलं मिरची कमी घाल.

त्यानंतर आमच्या घराला एक वळण लागलं. मनीषा सकाळी पडवीचं दार लोटून ठेवायला लागली. दहाला चहा करायची. तो चहा मशीनपाशी नेऊन ती स्वतःच प्यायची, हे मी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल कप तिथे ठेवत होती. तसं काही नाही. उभी राहून प्यायची, मग बटण दाबायची, आणि मशीन चालायचं. तिच्या तोंडावर इतक्या महिन्यांनी रंग आला होता. पोळ्या लाटताना गुणगुणायची.

आणि मी. मला भुताखेताचं काही नाही. आमच्या गावात जागेवाल्याला, गाव राखणाऱ्या देवाला, नारळ-कोंबड्याची राखण देतात ती मी देते, कारण देतात म्हणून. बाकी माणूस मेला की मेला. माझा नवरा गेला तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. पण त्या दिवसांत सकाळी पाण्याची कळशी उतरवताना मी ती आवाज न करता उतरवायला लागले. आयुष्यभर ज्या पोराला उठवायला मी मुद्दाम भांडी आपटली, त्याच्यासाठी आता पडवीवरून चवड्यावर चालत होते. एकदा शेवंता ओट्यावरून बोंबलत आली तर मी तोंडावर बोट ठेवलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. माझं मलाही कळलं मी काय केलं ते.

मनीषाचा भाऊ माणगावहून आला. चांगला माणूस, काळजीने बोलणारा. तिथल्या एका औषधाच्या दुकानात जागा होती, त्याने तिच्यासाठी शब्द टाकला होता. दुकानदार संक्रांतीपर्यंत थांबणार होता, पुढे दुसरं माणूस घेणार. राहायला भावाच्या घराशेजारी खोली होती. मनीषा पस्तिशीची, मूलबाळ नाही. माझ्यानंतर या घरात ती एकटी, आणि भिंतीला लागून रिसॉर्टवाल्यांची कुंपणं. तिने जावं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ती म्हणाली, नाही जमणार.

त्याने कारण विचारलं. ती नखं बघत बसली. मग म्हणाली, "ह्यांना एकटं कसं टाकू?"

"ताई, ते मशीन आहे."

"मी कुठे काय म्हणतेय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. आई, तुम्ही तरी काही बोला, असं डोळ्यांत होतं. मी त्याला विचारलं पोह्यांत मीठ बेताचं आहे ना. कारण ती राहिली तर मला बरंच होतं. म्हातारीला घरात माणूस, दहाला चहा, आणि दार लोटलेली पडवी. तिघं होतो आम्ही, असं वाटायचं. भाऊ संध्याकाळच्या गाडीने गेला, संक्रांतीच्या आधी फोन करतो म्हणाला.

त्याच आठवड्यात एकदा सकाळी गारठा जरा जास्तच होता. न्हाऊन झाल्यावर मी डोक्याला तेल लावायला बाटली घेतली. तेल थिजलेलं. दर थंडीत थिजतं, आम्हाला त्याचं काही नाही, बाटली चुलीच्या कडेला ठेवायची की वितळतं. मी बाटली उपडी केली, तळव्यावर आपटली, काही येईना. पांढरं, घट्ट, बाटलीच्या पोटाला चिकटून बसलेलं. आणि मी तशीच ओल्या केसांनी उभी राहिले.

पडवीचं दार उघडलं. मशीनच्या दांड्यावरून बोट फिरवलं. बोटाला मेणासारखं लागलं. आट्यांच्या रॉडमध्ये नख घातलं तर नखात पांढरी पुटं आली. नाकाशी धरलं. खोबरं.

मी तिथे दिनेशच्या स्टुलावर बसले. ऊन अजून अंगणाच्या पलीकडे होतं. मला एवढंच ठरवायचं होतं की बोलायचं की नाही. न बोलणं अगदी सोपं होतं. थंडी अजून महिनाभर टिकली असती, संक्रांत तेवढ्यात होऊन गेली असती, दुकानदाराने दुसरं माणूस घेतलं असतं. उन्हाळ्यात मशीन सकाळीही चाललं असतं, पण तोवर मनीषाने त्यालाही काही अर्थ लावला असता, आणि मीही लावू दिला असता. पोरगा घरात राहिला असता. पोरगाही आणि सूनही. मी बोटावरचं तेल लुगड्याला पुसलं आणि ऊन माझ्या पायापर्यंत येईपर्यंत बसून राहिले. मग पुन्हा बोट लावलं. दांडा ओला, चकचकीत, बोट सर्रकन घसरलं. दहा वाजत आले होते.

मनीषा चहा घेऊन आली. मी तिला सांगितलं. घोळवून सांगायला मला येत नाही. म्हटलं, "तेल थिजतंय सकाळचं. म्हनून अडतंय. बाकी काय न्हाय."

ती दारातच उभी. चहावर साय धरेपर्यंत उभी होती. मग म्हणाली, "एवढं सांगायलाच पाहिजे होतं का?"

"व्हय."

"तुम्हाला ते नकोच होते का इथे?"

मी तिच्या हातातून कप घेतला. बोलण्यासारखं होतं, पण ते बोलले असते तर ती गेली नसती.

रॉकेल आता मिळत नाही. दिनेशच्या मोटारसायकलीच्या टाकीत थोडं पेट्रोल होतं, ते नळी लावून काढलं. माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी घेतली आणि मीच पुसलं सगळं, दांडे, रॉड, एकेक आटा. मनीषाने हात लावला नाही. शिलाई मशीनचं तेल दुकानातून आणायला मात्र तीच गेली. आली, बाटली माझ्या हातात दिली, म्हणाली, हे थिजत नाही म्हणाला दुकानदार. तिने दुकानदाराला विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर तिने माळ्यावरून शिवणीची फळी काढली. प्लाय नव्हे, खरी फळी, दिनेशने वाळवलेली. ती मशीनवर आवळली, कॉम्प्युटरवर त्याने काढून ठेवलेला गिटारचा आकार लावला. परसात गवतावर दव तसंच होतं. माझ्या हाताची बोटं वळत नव्हती. तिने बटण दाबलं. मशीन कण्हलं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका आवाजात फिरत राहिलं, शिवणीचा पिवळा भुसा उडत राहिला, आणि फळीतून गिटारचं अंग मोकळं झालं. कमरेचा बाक, खांद्याचा बाक, सगळं जिथल्या तिथे. ती संपेपर्यंत हात बांधून उभी होती. हलली नाही. मशीन थांबल्यावर घरात इतकं शांत झालं की खाडीवरचा फेरीबोटीचा भोंगा ऐकू आला.

"गेले," ती म्हणाली.

"तो भाद्रपदातच गेला," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता ही मला काहीतरी बोलेल, आणि बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पण ती खाली वाकली आणि भुसा गोळा करायला लागली.

संक्रांतीच्या आधी ती माणगावला गेली. दुकानात आहे. एकाआड एक शनिवारी येते, मशीन चालवते, दोन गिटारी झाल्यात तिच्या. पहिलीचा आवाज बसका आहे असं रफीक म्हणतो, दुसरी रिसॉर्टवरच्या एका पोराने नेली. ती आली की मशीन कधीही चालतं. सातला, सहाला. मला त्याचं काही वाटत नाही असं मी तिला सांगते.

जायच्या दिवशी तिने बॅग उचलली, माझ्या पाया पडली, आणि रिक्षात बसताना म्हणाली, आई, वेळेवर जेवा. एवढंच. मी परत आले. घर झाडलं. पडवीत गेले तर खिळ्याला मनीषाची ती पहिली, मशीनला तेल चोळायची चिंधी अडकवलेली होती. खोबरेल शोषून शोषून जड झालेली, थंडीने कडक, हातात धरली तर दुमडेना. तिचं काय करावं हे मला सुचेना. टाकायची तर कुठे टाकायची? परसात पुरावी तर कुत्री उकरतील. धुऊन वापरायला मन होईना.

आमच्यात बाया स्मशानात जात नाहीत. दिनेशला उचललं तेव्हा मी उंबऱ्याच्या आत होते, पुढचं मी काही बघितलेलं नाही. मी ती चिंधी न्हाणीच्या चुलीत घातली आणि काडी ओढली. भडकन पेटली. खोबरं जळल्याचा वास घरभर झाला. ती जळून काळी होईपर्यंत मी चुलीसमोर बसले, मग निखाऱ्यावर लाकडं सारली, हंड्यातलं पाणी तापू दिलं, आणि सकाळीच एकदा झालेली असूनही डोक्यावरून आंघोळ केली.